दोन बॅगा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. सुहास कधीच झोपलाय, मला झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

दुपारी लायब्ररीत, आम्ही काहीजण लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून देतो त्या टेबलावर, मी एक वाक्य बोलून गेले. तसं काही वाईट नव्हतं त्यात. "आम्हीसुद्धा दोन बॅगा घेऊनच आलो होतो इथे." एवढंच. आपण सगळेच म्हणतो की हे, मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी माइकवरून म्हणतंच आणि मला ते ऐकायला कायम आवडत आलंय, कारण खरंच दोन बॅगा होत्या, एकीत कुकर होता आणि कुकरच्या आत जागा वाया नको म्हणून मेतकूट, गोडा मसाला आणि आईने फडक्यात गुंडाळून दिलेली अन्नपूर्णा. कोणाला धीर द्यायचा असला की मी हे सांगते. आजही धीर द्यायलाच सांगितलं. समोरच्या माणसाने मान हलवली, हसला पण, आणि मग जाडजूड फाइल चाळून एक कागद बाहेर काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

त्यांचं नाव लिहीत नाही. टेबलावर बघितलेलं टेबलावरच ठेवायचं असतं, म्हणून बारीक गोष्टी पण इकडच्या तिकडे केल्यात. साठीच्या आसपासचे, बगदादचे, तिथे पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. इथे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात सेकंड शिफ्टला, तेही स्टाफिंग एजन्सीतर्फे, म्हणून एका वर्षाचे दोन डब्ल्यू-टू, म्हणजे पगाराचे वार्षिक दाखले. इथे मिशिगनमध्ये डेक्विंडर रोडच्या पलीकडे राहतात, स्टर्लिंग हाइट्सला. आम्ही अलीकडे, ट्रॉयला. मधे फक्त रस्ता, त्याच रस्त्यावरच्या दुकानातून मी वर्षानुवर्षं समून आणते, तो होडीच्या आकाराचा इराकी पाव, आणि एवढ्या वर्षांत दुकानातल्या माणसाशी "हाय" आणि "थँक यू" च्या पुढे बोलले नाहीये.

तर तो कागद. प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला, कोपरेसुद्धा दुमडलेले नाहीत. विमानाच्या तिकिटांचं कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र. मला माहीतच नव्हतं की निर्वासित म्हणून ज्यांना इथे आणतात त्यांना तिकीट फुकट नसतं, ते कर्ज असतं, बिनव्याजी असतं पण कर्जच, येण्याआधी सही करून द्यायची आणि इथे पोचल्यावर काही महिन्यांत हप्ता सुरू. पाच माणसांची तिकिटं, साडेतीन वर्षांचे हप्ते. मला वाटलं ते विचारतायत की हे टॅक्समधून वजा होतं का, म्हणून मी म्हटलं, नाही हो, याचं काही मिळत नाही. ते म्हणाले, "माहीत आहे. पण मी जपून ठेवतो." आणि परत फाइलमध्ये सरकवला.

बस, झालं एवढंच. मग मी पुढचं पान उघडलं.

आता मला कळेना की तो कागद माझ्या वाक्याचं उत्तर होता की नुसतं हाताला लागला म्हणून दाखवला. दुपारपासून तेच. भाजी चिरताना तेच, मुलाला क्लासहून आणताना तेच. उत्तर असेल तर फार सभ्य उत्तर होतं, आवाज चढवला नाही, चेहऱ्यावर काही नाही. आमच्या तिकिटाचे पैसे सुहासच्या कंपनीने दिले होते. सामानाचे पण दिले. पहिला महिना हॉटेल पण त्यांचंच होतं. हे मी कधीच कोणाला सांगत नाही, म्हणजे लपवत नाही, पण दोन बॅगांच्या गोष्टीत ते कधी येतच नाही.

याच्या आधीचं पण लिहायला हवं. गुरुवारी अनुकडे जेवायला गेलो होतो तिथे विषय निघाला होता. अमेरिकेत कुठल्या देशाहून आलेल्यांची मिळकत किती. भारतीय घरांचं मधलं उत्पन्न २०२१ साली दीड लाख डॉलर, बाहेरून आलेल्या सगळ्यांचं मिळून सत्तर हजार, इथेच जन्मलेल्यांचंही जवळपास तेवढंच. आणि मग कोणीतरी म्हणालं की आपल्या शेजारचे इराकी बघा, सगळ्या इमिग्रंटच्या मधल्या आकड्याच्याही बरेच खाली, गरिबी त्यांच्यात जास्त, सरकारी मदत घेणारी घरं जास्त. मी काही बोलले नाही. पण मनात मान डोलावली. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला लिहू. दोन दिवसांनी मी त्याच आकड्यातल्या एका माणसासमोर बसले आणि दोन बॅगा सांगितल्या.

आणि मग घरी येताना गाडीत मला रडायलाच आलं, त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी. कारण मलाही काही आयतं मिळालेलं नाही. आम्ही २००८ ला आलो. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाबरोबर बायकोला मिळतो त्या व्हिसावर. एम.कॉम., पुण्यात चार वर्षांची नोकरी, आणि इथे सात वर्षं एक डॉलर कमवायची परवानगी नाही. २०१५ ला नियम बदलला तेव्हा कुठे माझ्या हातात वर्क परमिट आलं आणि तोपर्यंत माझ्या रेझ्युमेला बघून समोरचा विचारायचा, या सात वर्षांत काय केलंत? काय सांगणार, बर्फ बघितला. ग्रीन कार्डला चौदा वर्षं लागली. निर्वासितांना एका वर्षाने अर्ज करता येतो. हे सगळं मी गाडीत त्या माणसाला मनातल्या मनात ऐकवत होते, जसं काही त्यांनी माझ्यावर आरोप केलाय.

घरी आल्यावर शांत झाले तेव्हा त्यांनी सांगितलेलं एकेक आठवायला लागलं. फॉर्म भरताना बोलणं होतंच, कधी आलात, मुलं कुठे जन्मली.

ते २००९ मध्ये आले. आमच्या नंतर एका हिवाळ्याने. म्हणजे तेव्हा इथे काय चालू होतं ते मला माहितीय, मिशिगनमधली बेकारी १३ टक्क्यांच्या वर, मोटर कंपन्या दिवाळखोरीत, आमच्या अपार्टमेंटमधली अर्धी घरं रिकामी. सुहासचा प्रोजेक्ट टिकला म्हणून आम्ही टिकलो, मी रोज रात्री देवाला हात जोडायचे. आणि त्याच वर्षी खूप इराकी कुटुंबं अमेरिकेत आणली गेली, अठरा हजारांच्या वर माणसं एका वर्षात. रोख मदत तात्पुरती. मग मिळेल ते काम. इंजिनियर असलात तरी. डिग्रीची कागदपत्रं बगदादहून मागवायची, तपासून घ्यायची, परीक्षा द्यायची, इंग्रजी सुधारायचं, आणि हे सगळं पाच माणसांचं भाडं भरत. त्यांनी पहिली तीन वर्षं एका पार्टी स्टोअरमध्ये, म्हणजे दारू-किराणाच्या छोट्या दुकानात, रात्रीचा गल्ला सांभाळला.

ते पार्टी स्टोअर कोणाचं? तेही इराकीच. म्हणजे खाल्डियन, उत्तर इराकमधले ख्रिश्चन, मूळचे तिथल्या तेलकेपचे, त्यांचे आजोबा हेन्री फोर्डच्या जमान्यात डेट्रॉइटला आले होते. वेस्ट ब्लूमफिल्डमध्ये त्यांची तळ्याकाठची घरं बघितलीत ना. मालकाचं कुटुंबही इराकी, रात्रपाळीचा माणूसही इराकी. अनुकडच्या त्या आकड्यात तेलकेपहून आधी येऊन स्थिरावलेलेही आणि हेही. आणि "सगळे इमिग्रंट" म्हणून जो आकडा आहे त्यात आपण आहोत. आपल्याला आधी गाळून घेतलंय. डिग्री पाहिजे, कंपनीने बोलवायला पाहिजे, तेव्हा व्हिसा. त्यांना गाळलं ते जिवाला धोका आहे की नाही यावरून. म्हणजे दोन वेगळ्या चाळण्यांतून पडलेलं पीठ एकाच काट्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, हे कमी का भरलं? हे मला गुरुवारीच सुचायला हवं होतं. मी कॉमर्सची आहे, मला मधला आकडा म्हणजे काय ते कळतं.

आणि मधली वर्षं. २००६ ला सामर्राची मशीद उडवली त्यानंतर त्यांच्या गल्लीत राहणं शक्य नव्हतं, एवढंच म्हणाले, पुढचं सांगितलं नाही, मी विचारलं पण नाही. जॉर्डनला, अम्मानला गेले. तिथे तीन वर्षं. तिथेही काम करायची परवानगी नाही. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी चटकन म्हणणार होते की मलापण नव्हती, सात वर्षं नव्हती. बरं झालं नाही म्हटलं. माझ्या सात वर्षांत दर पंधरा दिवसांनी सुहासचा पगार जमा होत होता. त्यांच्या तीन वर्षांत बगदादचं घर विकून आलेले पैसे महिन्यामहिन्याने संपत होते. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची, तिचे दागिने अम्मानला विकले गेले.

ते असंही म्हणाले की त्याच्या आधीच सगळं संपलं होतं, नव्वदच्या दशकात. १९९० ला कुवेतवर हल्ला, मग इराकवर निर्बंध, आणि त्यांचा पूर्ण पगार महिन्याला काही डॉलरांवर आला. सरकारी इंजिनियर. रात्री टॅक्सी चालवायचे. मी विचारलं त्याच्या आधी? तर खुर्चीत जरा ताठ बसले आणि म्हणाले, आधी एका दिनारचे तीन डॉलरच्या वर मिळायचे. आणि मग माझ्याकडे बघून, "तुमचे लोक यायचे आमच्याकडे कामाला. खूप भारतीय होते. चांगले कामगार."

बाळूकाका!

मी विसरलेच होते. बाळूकाका इराकला होता, १९८१ ते ८३, फिटर म्हणून, रस्त्यांच्या कुठल्या तरी कामावर. लढाई चालू असताना. चिपळूणच्या घरातला पहिला टू-इन-वन त्याने आणला होता, आम्हा मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. मागचं न्हाणीघर आणि वरचे पत्रे त्याच्या पैशातून झाले. संध्याकाळी आईला फोन केला, तिकडे रविवारची पहाट, ती उठलेलीच असते. म्हटलं, बाळूकाका इराकला गेला तेव्हा तिकिटाचे पैसे कोणी दिले गं? आई म्हणाली, तिकीट कंपनीचं होतं पण मुंबईच्या एजंटला द्यायला आजीची नथ गहाण टाकली होती पेढीवर. ती बसऱ्याच्या मोत्यांची. सुटली का मग? "सुटली की, दुसऱ्याच वर्षी सोडवली, तुझ्या लग्नात घातली होतीस ती कोणती?" आणि मग आईने विचारलं, काय झालं, आवाज असा का? म्हटलं काही नाही, सर्दी.

नथ कपाटात आहे. आत्ता उठून बघून आले. सात मोती, एक जरा पिवळट पडलाय.

मला वाटतं मला राग आला होता तो याचा की माझी एकच शौर्याची गोष्ट होती आणि ती आज लहान झाली. ती खोटी नाहीये. सात वर्षं खरी आहेत, पहिल्या हिवाळ्यात मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे ते खरं आहे. फक्त ती माझ्या मापाची गोष्ट आहे आणि मी ती दुसऱ्याच्या अंगावर घालायला गेले. मंजूताई कायम म्हणते, कोणाचं दुःख मोठं हे ठरवायला बसू नये. पण मी दुःखही मोजत नव्हते, मी यश मोजत होते, आणि ते मोजताना नथ कोणाची, पगार कोणाचा, तिकीट कोणाचं हे धरलंच नव्हतं.

जाऊ दे. आता थोडं हलकं वाटतंय.

एक चांगलं झालं आज, ते राहूनच जात होतं. त्यांची मधली मुलगी कॉलेजला आहे, सेकंड इयर. मागच्या वर्षी त्यांनी एका दुकानात पैसे मोजून टॅक्स भरून घेतला होता आणि तिथे कॉलेजच्या फीचं क्रेडिट घेतलंच नव्हतं. मी तीनदा बघितलं, नाहीये घेतलेलं. ते अडीच हजारांपर्यंत मिळू शकतं आणि मागचं रिटर्न तीन वर्षांपर्यंत दुरुस्त करता येतं. हे सांगितलं तर त्यांना आधी वाटलं काहीतरी चुकलंय, घाबरले, दंड लागेल का विचारलं. मी म्हटलं उलट तुम्हाला मिळेल. तर फाइल बंद केली आणि दोन्ही हात फाइलवर ठेवून थोडा वेळ नुसते बसले.

पुढच्या शनिवारी परत येणार आहेत. मुलीचा फीचा फॉर्म राहिलाय, आणि जॉइंट रिटर्न आहे म्हणून बायकोची सही पण लागेल, ती येईल बरोबर.

निघताना कोट घालता घालता त्यांनी मला विचारलं, "तुमच्या त्या दोन बॅगांमध्ये काय होतं?" मी सांगितलं, प्रेशर कुकर. त्यांना फार आवडलं ते, मोठ्याने हसले, शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. तोपर्यंत पुढचा नंबर पुकारला होता, मी हात हलवला आणि ते गेले.

त्यांच्या बॅगांमध्ये काय होतं ते मी विचारलं नाही.

शनिवारसाठी: मुलीचा फीचा फॉर्म. मागच्या वर्षीच्या रिटर्नची कॉपी. पुस्तकांच्या पावत्या असतील तर त्या. वेलदोड्याचा चहा थर्मासमध्ये न्यायचा, ते लोक वेलदोडा घालतात चहात असं म्हणाले होते.