युरियाची एक गोणी उतरवल्यानंतर

माझं अमळनेरला कृषी केंद्र आहे. दिवसभर काउंटरमागे खुर्चीत, तासाला एक चहा आणि चहासोबत कोणीतरी आणलेलं फरसाण. २०२२ च्या दिवाळीत घरचा गोल डायलचा वजनकाटा १२० वर जाऊन अडकला, त्याच्यापुढे आकडेच नव्हते, म्हणून शेजारच्या भुसारवाल्या मित्राच्या पोत्याच्या काट्यावर उभा राहिलो तर तो तुरीचं वजन सांगतो तशा आवाजात ओरडला, "एकशे सव्वीस!" समोर चार गिऱ्हाईकं. १४ महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, त्याच काट्यावर ८१ भरलो. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची यायची, आता ४५ ची येते, म्हणजे बरोब्बर एक गोणी अंगावरून उतरवली.

ती कशी उतरवली हे लोक फार विचारतात. त्यात कौतुकासारखं काही नाही, उलट ते चुकलंच. गावात अर्धे लोक दिवसातून दोनदाच जेवायचं करत होते, मी जास्त शहाणा, एकाच वेळेवर आलो, बाकी दिवस लिंबूपाणी आणि काळा चहा, आणि पहाटे प्रताप कॉलेजच्या ग्राउंडवर तासभर चालणं. पहिल्या पाच-साडेपाच महिन्यात ३२ किलो गेले. कोणाला विचारलं नाही, कोणी अडवलं नाही, सगळे वा वा करत होते. म्हणून लिहायचंय ते नंतरचं, कारण नंतर काय काय होतं ते मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

आधी केस गेले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न्हाणीघराची जाळी रोज तुंबायला लागली, माझ्या केसांनी. मला वाटलं आता टक्कलच. मग कळलं की शरीराला एकदम अन्न तोडलं की ते केसांसारख्या बिनकामाच्या गोष्टींचा खर्च आधी बंद करतं, आणि झटका बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, नंतर बहुतेक परत येतात. माझे आले, पण तेवढ्यात दोन हजाराचं तेल घेऊन झालं होतं.

मग मे महिना. आमच्याकडचा मे म्हणजे ४४-४५ डिग्री, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानाच्या पायरीवरून उठलो, डोळ्यापुढे अंधारी आली आणि सरळ खताच्या गोण्यांवर जाऊन पडलो. नशीब गोण्या होत्या. बीपी मोजलं तर ९४/५८. कारण काय तर बीपीच्या दोन गोळ्या १२६ किलोच्या माणसाला दिलेल्या, त्या मी ९२ किलोचा झाल्यावरही इमानदारीने घेत होतो, वर उन्हाचा घाम. डॉक्टर म्हणाले वजन उतरतं तसा डोस पण उतरवायचा असतो, मधे एकदा तरी दाखवायला यायचं ना. खरंय, गेलोच नव्हतो. दुसरी गोळी बंद, पहिली अर्धी. शुगरचंही तेच झालं, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.१ वरून ५.८ वर आलं आणि शुगरची मेटफॉर्मिनची गोळी दिवसाला एकावर आली. पण ज्याला शुगरची इन्सुलिन किंवा तसली जोरदार औषधं चालू आहेत त्याने तर विचारल्याशिवाय जेवण कमी करूच नये, शुगर खाली गेली तर पडायला गोण्या मिळतीलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट, पित्ताशय. त्याच मे मध्ये मावसभावाच्या पोरीचं लग्न, पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी. सहा महिने तुपाचं तोंड न पाहिलेला माणूस मी, त्या दिवशी म्हटलं जाऊ दे, तीन बट्ट्या चुरून त्यावर तुपाची धार. रात्री दीडला उजव्या बरगडीखाली असं धरलं की बसवेना झोपवेना, कळ पाठीतून उजव्या खांद्यात जायची. मायने ओवा-हिंग दिलं, तिचं ठाम मत, "गॅस शे." दोन तासाने आपोआप थांबलं. पुढचे दोन-अडीच महिने एका ठिकाणी ॲसिडिटीच्या गोळ्या खात होतो, दर आठ-दहा दिवसांनी तीच कळ, आणि मला प्रत्येक वेळी "तिखट कमी करा" एवढंच ऐकायला मिळायचं. खान्देशच्या माणसाला तिखट कमी कर म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. शेवटी बायकोच चिडली आणि सोनोग्राफीला घेऊन गेली. पित्ताची पिशवी खड्यांनी भरलेली.

जळगावच्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. वजन फार वेगाने उतरलं की लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि आपण उपाशी, तेल-तूप बंद, त्यामुळे पिशवीला आवळून रिकामं व्हायचं कामच उरत नाही, पित्त तिथेच साचून घट्ट होतं आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोच्या वर गेलं की धोका जास्त. मी मनातल्या मनात भागाकार केला, ३२ किलो, २२ आठवडे. बरोबर काठावर. ज्यांचं वजन झपाट्याने उतरणार असतं, म्हणजे ऑपरेशन करून वगैरे, त्यांना काही वेळा खडे होऊ नयेत म्हणून उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात म्हणे. आणि रोज थोडं तेल-तूप पोटात जायलाच हवं. म्हणजे रोज चमचाभर तूप खाल्लं असतं तर कदाचित पिशवी वाचली असती. हे ऐकून मायला जो आनंद झाला तो विचारू नका, ती ते अजून सगळ्यांना सांगते.

ऑगस्टमध्ये दुर्बिणीने पिशवी काढली, पोटावर चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. खडे छोट्या बाटलीत घालून दिले, पिवळट-तपकिरी, चवळीएवढे. ती बाटली येडपटासारखी दुकानाच्या काउंटरवर ठेवली होती तर एक आजोबा उचलून उजेडात धरून बघायला लागले, "भाऊ, हाई कसानं बियानं शे?"

गिऱ्हाईकांवरून आठवलं. जाड होतो तेव्हा कोणी काही म्हणत नव्हतं, "शेठची तब्बेत चांगली आहे" एवढंच. बारीक झालो आणि रोज चौकशी सुरू, "भाऊ पार वाळी गया तुम्ही, शुगर निंघनी का?" एकाने तर बायकोला बाजूला घेऊन विचारलं की मुंबईला टाटात दाखवलं का. आपल्याकडे बारीक होणं म्हणजे दुखणं. पहिले वर्ष वाईट वाटायचं, आता "हो, पिशवी काढली" म्हणतो, लोकांचं समाधान होतं.

पिशवी काढायच्या आधी, जुलैत, अजून एक प्रकार झाला तो कोणाला सांगितला नव्हता. कपाशीला युरिया टाकायची घाई, हमाल जेवायला गेलेला, एका शेतकऱ्याला मोटरसायकलवर एक गोणी टाकून द्यायची होती. वाकलो, धरली, आणि हलेना. १२६ चा होतो तेव्हा उचलायचो हो मी, धापा टाकत पण उचलायचो. जेवढं वजन अंगावर घेऊन वर्षानुवर्षं फिरलो तेवढं आता हाताने जमिनीवरून सुटेना. शेवटी त्या शेतकऱ्यानेच उचलली, वय सत्तर असेल. नंतर आहारतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं की उपाशी राहून उतरवलेल्या वजनात नुसती चरबी नसते, बऱ्यापैकी मांस पण जातं, आणि मी तर प्रोटीन काहीच खात नव्हतो.

घर माळकरी, अंडंसुद्धा नाही. मॅडमनी रोज ८० ग्रॅम प्रोटीन सांगितलं आणि बायकोने वही काढली. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम. एवढं वरण खायचं तर पोहायला लागेल त्यात. मग हळूहळू बसलं, सकाळी मोड आलेले मठ, म्हणजे मटकी, दुपारी कळण्याची भाकरी. ही भाकरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ज्वारीत सालासकट उडीद दळून करतात, ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम प्रोटीन, उडदात चोवीस-पंचवीस, आणि ज्वारीत जे कमी ते उडीद भरून काढतो, आणि मी मूर्ख तीच भाकरी "कार्ब्स" म्हणून बंद करून बसलो होतो. सोबत ठेचा आणि वाटीभर दही. संध्याकाळी पनीर नाहीतर सोयाबीन वड्या, त्या वड्यांची चव मला अजून जमली नाही, रश्श्यात शेवेच्या जागी टाकते ही, पण शेव ती शेव.

आणि गोणी. ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायला बंदी, परवानगी मिळाल्यावर नोव्हेंबरपासून सुरू केलं. जिम लावली होती, आठ दिवसात सोडली, पोरं मोबाईल घेऊन मशीन अडवून बसतात. आमच्या हमालालाच गुरू केलं. दहा किलोच्या गोणपाटापासून. तो बिडी कानावर खोचून समोर बसायचा, "कंबर वाकाडू नका भाऊ, गुडघा वाकाडा, पोटले चिकटाडीसन उचला." जिममधल्या ट्रेनरने पैसे घेऊन हेच सांगितलं होतं. दहाची वीस, वीसची तीस, आणि पुढच्या उन्हाळ्यात ४५ ची उचलली. आता आठवड्यातून तीन दिवस वीस वेळा, त्याशिवाय शटर बंद करत नाही.

मधे पायाला मुंग्या येत होत्या, तळवे कापसावर ठेवल्यासारखे. बी-१२ तपासलं तर १४०. शाकाहारी, त्यात खाणं कमी, त्यात मेटफॉर्मिन, आणि ती गोळी बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होतं हे मला माहीतच नव्हतं. इंजेक्शनं घेतली, दोन-तीन महिन्यात मुंग्या गेल्या. आता दर सहा महिन्यांनी बी-१२, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि शुगर एकाच वेळी तपासतो.

कातडीचं थोडक्यात सांगतो, कारण लाज वाटते. पोटाची कातडी लोंबते, तिच्या घडीत उन्हाळ्यात घाम साचून लाल चट्टे येतात. मेडिकलवरून न विचारता एक ट्यूब आणली, चार दिवस छान वाटलं, मग दुप्पट पसरलं. स्किनवाल्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि डोक्याला हात लावला, त्यात स्टिरॉइड मिसळलेलं होतं. आता अंघोळीनंतर घडी उचलून सुती कापडाने कोरडी करायची, दुपारी एकदा परत, आणि त्यांनी दिलेली पावडर. कातडी काढायचं ऑपरेशन असतं पण ते दिसण्यासाठीचं धरून मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही, मी विचार सोडला. आणि बूड. लाकडी खुर्ची टोचते हो आता! उशी घेऊन बसतो, मुनीम हसतो.

पण सगळ्यात जड भूक आहे. मला वाटायचं वजन उतरलं की भूक पण लहान होईल. झालं उलटंच. मॅडम म्हणाल्या तुमचा स्वभाव नाही हा, हार्मोन आहेत. मेलबर्नला ५० लोकांचं वजन उतरवून वर्षभराने तपासलं होतं, २०११ साली छापून आलं, भूक वाढवणारे हार्मोन वर्षानंतरही चढलेलेच. आणि अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवायच्या स्पर्धेतल्या १४ जणांना ६ वर्षांनी तपासलं तर त्यांचं शरीर त्या वजनाच्या माणसापेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ५०० कॅलरी म्हणजे आमच्या घरच्या दोन मोठ्या भाकरी. म्हणजे शेजारचा ८१ किलोचा माणूस चार खाईल तिथे मी दोन, आणि भूक मात्र मलाच जास्त. शरीराला अजून वाटतंय की दुष्काळ पडलेला आहे, त्याला कोण समजावणार.

२०२४ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, समजावलं मी त्याला. बहिणी माहेरी आलेल्या, अंगणात झोके, खापरावरची पुरणपोळी, आमरस, वरून तूप. माय म्हणे "एक तं खाय," एकीच्या तीन झाल्या. त्या दिवसाचं काही नाही हो, एका दिवसाने माणूस जाड होत नाही. पण दुसऱ्या दिवशी उरलेल्या होत्या, तिसऱ्या दिवशी मामाकडे होत्या, आणि मी काट्यावर चढायचंच बंद केलं. काटा टाळायला लागलो की समजायचं गाडी घसरली. दिवाळीला चढलो तर ८८.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी भुसारवाल्याच्या काट्यावर. तो त्याच्या वहीतच लिहितो, मका, तूर, आणि खाली माझं नाव. ८४ ची रेघ मारलीय, त्याच्यावर गेलो की पुढचा आठवडा चहा बिनसाखरेचा, फरसाण बंद, आणि संध्याकाळचं चालणं वाढवायचं. उपाशी राहायचं नाही, एवढं मात्र पक्कं, ते एकदा करून पिशवी घालवली. ८८ वरून ८२ वर यायला सात महिने लागले, आणि ह्या वेळेला केस गळले नाहीत.

ह्या सोमवारी ८३.६ होतो. रविवारी कानबाई, आमचा खान्देशातला देवीचा सण, आणि तिच्या प्रसादाचे रोट घरातल्याच माणसांनी संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नाहीत. घरात आम्ही पाचच. मुनीमाला विचारलं भाऊबंदकीत येतोस का, तर नाही म्हणाला.