मिटणारी घोडी

आपल्याकडच्या जुन्या सुताराला लाकूड कापण्यासाठी घोडीची, म्हणजे फळी टेकवायच्या चार पायांच्या आधाराची, गरज फारशी पडत नसे, कारण तो जमिनीवर बसून काम करीत असे आणि लाकूड धरून ठेवण्याचे काम त्याचे पायच करीत असत. फळीचे एक टोक ठोकळ्यावर टेकवायचे, दुसऱ्यावर टाच दाबायची आणि करवत चालवायची, एवढ्यावर त्याने दारे, पाट, पाळणे आणि देव्हारे घडवले. आजही एखाद्या इमारतीत फर्निचरचे काम चालू असेल, तर नव्या टाइल्सवर पुठ्ठे पसरून त्यावर उकिडवे बसलेले मिस्त्री प्लायवूड कापताना दिसतात. पण ही बैठक लहानपणापासून अंगात मुरलेली असावी लागते. आयुष्यभर खुर्चीवर बसून नोकरी केलेल्या आणि बऱ्याच उशिरा सुतारकामाचा नाद लागलेल्या माझ्यासारखीच्या गुडघ्यांना ती झेपत नाही, आणि म्हणून आम्हां हौशी मंडळींना जमीनच दोन फूट वर उचलून घ्यावी लागते. हे उचलण्याचे काम घोड्यांची जोडी करते. वर एक आडवी फळी, तिच्याखाली फाकलेले चार पाय, आणि अशा दोन घोड्या समोरासमोर ठेवल्या की त्यावर पूर्ण आठ फुटी प्लायवूडही निजवता येते.

न मिटणारी घोडी बनवणे सोपे असते. चार पाय तिरके ठोकले, दोन्ही टोकांना प्लायवूडचे त्रिकोण मारले, की ती पुढची वीस वर्षे तक्रार करीत नाही. अडचण एवढीच की तेवढी वर्षे ती जागाही सोडत नाही. फ्लॅटमधली हौशी कार्यशाळा म्हणजे बहुधा जाळी लावून बंद केलेली बाल्कनी असते, जिथे वॉशिंग मशीन, कुंड्या आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाचा खोका यांचा हक्क आपल्या आधीपासूनचा असतो. तेव्हा घोडी काम संपताच मिटून भिंतीवरच्या खुंटीला टांगता आली पाहिजे. आणि मिटणारी वस्तू भक्कम करणे हा जरा गुंतागुंतीचा मामला आहे, कारण जी जागा मिटते तीच जागा भाराखाली पहिल्यांदा हार मानते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हलक्या घड्या घालायच्या टेबलांचे दुखणे हेच आहे: त्यांचा सगळा भार शेवटी एका बिजागरीच्या चार बारीक स्क्रूंवर येऊन पडतो.

या विषयात मला पटलेली एकच गोष्ट आहे आणि बाकीचे सगळे तपशील तिच्यातूनच निघतात. बिजागरीने घोडी मिटवावी, पण भार मात्र अजिबात वाहू नये. भार लाकडातून लाकडात, आणि लाकडातून जमिनीत गेला पाहिजे.

हे साधण्याची एक जुनी आणि अतिशय समाधानकारक रीत आहे. दोन सारख्या चौकटी करायच्या. प्रत्येक चौकटीत वर एक आडवी पट्टी, खाली किंचित बाहेर फाकणारे दोन पाय, आणि पायांच्या खालच्या तिसऱ्या भागात त्यांना जोडणारी दुसरी पट्टी. या चौकटी तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या आणि वरच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूंना खाच करून त्यात चार इंची लोखंडी बिजागऱ्या अशा बसवल्या की त्यांचा सांधा वरच्या कडेशी राहील, म्हणजे चौकटी पुस्तकासारख्या उघडतात. आता वरची फळी. ती दोन्ही चौकटींना जोडायची नाही, फक्त एकीला स्क्रूने पक्की करायची. दुसरीच्या डोक्यावर ती नुसती छपरासारखी पुढे आलेली असते. बिजागरीचा गोल सांधा फळीला अडू नये म्हणून फळीच्या पोटात तेवढी पन्हळ कोरायची. घोडी मिटलेली असताना त्या दुसऱ्या चौकटीची वरची कड आणि फळी यांच्यात फट असते. पाय फाकवत नेले की ती कड हळूहळू वर चढते आणि पाय पूर्ण उघडतात त्याच क्षणी फळीच्या पोटाला सपाट चिकटते. वरून येणारा भार मग फळीतून थेट दोन्ही चौकटींत उतरतो. दोन्ही पट्ट्या माथ्याशी एकमेकींना रेटतात, आणि बिजागरीला त्यांना जागच्या जागी ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

यासाठी दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडांना उतार द्यावा लागतो. प्रत्येक चौकट उभ्या रेषेपासून १५ अंश कलणार असेल तर उतारही १५ अंशांचाच हवा. कोनमापक नसला तरी अडत नाही. सुतारांचा हिशोब सुतात चालतो आणि एका इंचाची आठ सूत होतात. दीड इंच जाडीच्या पट्टीवर १५ अंशांचा उतार म्हणजे बाहेरच्या कडेला सुमारे तीन सूत लाकूड कमी, एवढे लक्षात ठेवले की खतावणीने, म्हणजे कडेला समांतर खूण करण्याच्या अवजाराने, रेघ मारून रंध्याने ते उतरवता येते. उतार नीट जमला की घोडी उघडताना शेवटी एक छोटासा ठक् असा आवाज येतो. तो आवाज ऐकण्यासाठी मी ती विनाकारण उघडझाप केलेली आहे, हे घरच्यांना माहीत आहे.

पाय बांधण्याचा प्रश्न मात्र उरतोच. फाकलेल्या पायांवर भार आला की ते आणखी फाकू पाहतात. एका घोडीवर १०० किलो भार आहे आणि पाय १५ अंश कललेले आहेत असे धरले, तर दोन चौकटींना तळाशी बांधणाऱ्या पट्ट्यावर मिळून साधारण साडेतेरा किलोंचा ताण येतो. हा आकडा पाहून हायसे वाटते, कारण एवढा ताण साधी दोरीही सोसते. पण त्यात कोणी अडखळू नये म्हणून हाच पट्टा आपण पायांच्या मध्यावर बांधला, तर ताण दुप्पट होतो. तेव्हा बांधणी जितकी खाली तितकी बरी. साखळी मजबूत असते, पण करवतीच्या प्रत्येक हेलकाव्याला खुळखुळते. सुती दोरी ताणते आणि पावसाळ्यात आखडते, म्हणजे श्रावणातली घोडी आणि वैशाखातली घोडी यांची उंची वेगवेगळी. जुन्या प्रवासी बॅगेचा नायलॉनचा पट्टा मला सर्वांत योग्य वाटतो. तो ओलाव्याने फारसा बदलत नाही, आवाज करीत नाही, आणि मिटताना आपोआप आत दुमडतो. रंगाऱ्यांच्या घडीच्या शिडीला असतात तसे लोखंडी दुमडते हातही लावता येतात, पण त्यांच्यात बोट सापडण्याची शक्यता असते आणि ज्याचे बोट सापडते तो त्या घोडीला पुढे कधी हात लावत नाही.

जमिनीचाही यात मोठा वाटा असतो. मुरुमाच्या अंगणात किंवा खडबडीत शहाबादी फरशीवर पाय आपसूक रुततात आणि पट्ट्याचे निम्मे काम जमीनच करून टाकते. हल्लीच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर असा काही आधार मिळत नाही, शिवाय त्यावर लाकडाचा भुसा पडला की त्या आणखी निसरड्या होतात. खुर्च्यांच्या पायांना घालतात ते रबरी बूट इथे उपयोगी पडतात. मात्र पायांचे तळ आधी जमिनीशी सपाट कापलेले हवेत, कारण पाय दोन दिशांना तिरके असल्याने ते जमिनीला एकेका कोपऱ्यावरच टेकतात. यासाठी कोन मोजत बसण्याचे कारण नाही. घोडी पूर्ण उघडून, पट्टा ताणून, खात्रीच्या सपाट जागी उभी करावी, गरज पडेल तिथे पाचर देऊन माथा समतल करावा, आणि एका लहान ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तो ठोकळा प्रत्येक पायाभोवती फिरवावा. उमटलेल्या रेघेवर कापले की चारही तळ एकाच पातळीत येतात.

उंचीबाबत पुस्तकी आकडे बाजूला ठेवून स्वतःच्या शरीराला विचारावे, असे माझे मत आहे. हाताने करवत चालवायची असेल तर फळीवर एक गुडघा दाबून तिला धरता आले पाहिजे, आणि त्यासाठी माथा जमिनीपासून २० ते २४ इंचांच्या पलीकडे जाऊ नये. उभ्याने जोडकाम करायचे, पॉलिश पेपर मारायचा, तर एवढ्या उंचीवर तासाभरात कंबर धरते. त्या कामाला स्वयंपाकाच्या ओट्याची, म्हणजे ३२ ते ३४ इंचांची उंची लागते. दोन्ही गरजा एका घोडीत बसत नाहीत. उंची कमीजास्त करणाऱ्या खुंट्यांचे पाय करता येतात, पण त्यामुळे सैल होण्याच्या आणखी चार जागा तयार होतात, आणि मिटणाऱ्या घोडीत सैल जागा आधीच पुरेशा असतात. मी २४ इंच उंची धरली आणि जोडकामासाठी वर ठेवायला दोन लांबट खोकी केली, ज्यांत एरवी क्लॅम्प आणि गुण्या राहतात.

लाकडाची निवड हा हौशी माणसाचा सर्वांत आवडता आणि सर्वांत लांबणारा भाग असतो. सागवान वापरायचा मोह होतो, आणि सागाबद्दलचा आदर अनाठायी नाही: कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही तिथे आहेत. पण ज्या वस्तूच्या माथ्यावर रोज करवत चालणार, ती सागाची करणे ही मला उधळपट्टी वाटते. परदेशातून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांचे पाइन वखारीत स्वस्तात मिळते, वजनाला हलके असते आणि सहज कापले जाते. दीड इंच जाड आणि तीन इंच रुंद पट्ट्यांतून केलेली घोडी पाइनमध्ये सहा-सात किलोंची होते, म्हणजे एका हाताने उचलून खुंटीला टांगता येते. सागाची अर्थातच अधिक जड होते. गाठी असलेला तुकडा पायाला वापरू नये, तो खालच्या पट्टीला लावावा. वाड्यांच्या पाडकामातले जुने सागवान फुकट मिळत असले तरी त्यातले गंजून आत मोडलेले खिळे आधी शोधावे लागतात, नाहीतर करवतीचे दातच त्यांचा पत्ता लावतात.

भार पेलणे हा खरे तर घोडीचा अवघड भाग नव्हे. १८ मिलिमीटर जाडीचे आठ बाय चारचे प्लायवूड तीस-पस्तीस किलोंचे असते, आणि दोन घोड्यांत वाटले तर ते कोणत्याही बऱ्या लाकडाला जाणवणारही नाही. खरा त्रास आडव्या धक्क्यांचा असतो. रंधा मारताना आपण फळीला लांबीच्या दिशेने ढकलत असतो आणि त्या प्रत्येक ढकलीबरोबर चौकट समांतरभुज चौकोन होऊ पाहते. नुसत्या स्क्रूंनी जोडलेली चौकट महिन्याभरात डुलू लागते, विशेषतः स्क्रू लाकडाच्या तंतूंच्या टोकात, म्हणजे पट्टीच्या कापलेल्या तोंडात गेलेले असतील तर, कारण तिथे त्यांना धरायला काही नसते. म्हणून पाय आणि पट्टी जिथे मिळतात तिथे दोघांची अर्धी अर्धी जाडी काढून त्यांना एकमेकांत बसवावे, फेव्हिकॉल लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवावे आणि मग आडवे स्क्रू मारावेत. या सांध्याला वेळ लागतो. कुसवाचा सांधा, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवणे, त्याहून सुबक दिसेल, पण घोडीसाठी एवढा थाट कशाला, असे मला वाटते. माथ्याची फळी मात्र गोंदाने चिकटवू नये. तिच्यावर करवतीचे ओरखडे पडणारच आहेत आणि ती कधीतरी बदलावी लागणार आहे. तिचे स्क्रूही इतके खोल बसवावेत की करवत त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही.

घोड्या तयार झाल्यावर त्या कशा मांडायच्या, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आठ फुटी फळी दोन आधारांवर ठेवताना ती सर्वांत कमी वाकावी असे वाटत असेल, तर आधार अगदी टोकांना न ठेवता प्रत्येक टोकापासून सुमारे २० इंच आत घ्यावेत. आणि कापायची रेघ शक्यतो दोन घोड्यांच्या मधोमध येऊ देऊ नये. मधोमध कापले की दोन्ही तुकडे आत झुकतात, चीर वरून मिटते आणि करवत तिच्यात आवळली जाते. हातकरवत असेल तर ती नुसती अडते, पण विजेवर चालणारी गोल करवत अशा वेळी मागे उसळते, आणि ते धोक्याचे आहे. रेघ घोडीच्या बाहेर असेल तर चीर उघडत जाते. तेव्हा फक्त सुटणाऱ्या तुकड्याला शेवटी हाताचा आधार द्यायला हवा, नाहीतर तो तुटताना फळीचा लांब ढलपा ओढून नेतो. लांबीत कापायचे असेल तर घोड्यांवर आधी दोन-तीन जुन्या पट्ट्या आडव्या टाकून त्यावर प्लायवूड ठेवावे, म्हणजे दोन्ही भाग शेवटपर्यंत आपापल्या जागी पडून राहतात.

घरात एकदा अशी जोडी आली की तिला सुतारकामाबाहेरची कामेही मिळू लागतात. जुने फ्लश दार त्यांच्यावर टाकले की सहाजणांचे जेवणाचे टेबल होते, कुरडया-पापडांची वाळवणे त्यावर पडतात, आणि गणपतीच्या दिवसांत सोसायटीतली मुले आरासीच्या पायऱ्या मांडायला त्या मागून नेतात. मी आनंदाने देते, फक्त एका अटीवर. दिव्यांच्या माळा बांधायला कोणी त्यांच्यावर उभे राहायचे नाही. २४ इंच उंचीला आणि १५ अंशांच्या फाकीला पायांमधले अंतर जेमतेम १३ इंच होते, आणि वर उभा राहिलेला माणूस माळ अडकवायला जरा बाजूला झुकला की त्याचा भार या १३ इंचांच्या बाहेर पडतो. मग सांधे कितीही पक्के असले तरी घोडी कलंडणारच, आणि त्या कामासाठी वॉचमनच्या खोलीमागे शिडी ठेवलेली आहे.