आजीचा उजवा, माझा डावा

आज दुपारी साडेतीनला चहाचं आधण ठेवलं आणि डाव्या गुडघ्यात कोणीतरी आतून बारीक चिमटा काढल्यासारखं झालं. बाहेर लख्ख ऊन, ऑक्टोबरचं, अंगाची लाही लाही करणारं. गच्चीवर दोन चादरी, ह्यांचे तीन शर्ट आणि एक जुनी गोधडी वाळत पडलेली. मोबाईलमध्ये पाहिलं तर पिवळाधम्मक सूर्य, पाऊस शून्य टक्के. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "पाऊस येणार." हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कोणी सांगितलं?" आता काय सांगणार. गुडघ्याने सांगितलं म्हणायचं वय झालंय हे कबूल करायला जीभ रेटेना.

आमच्याकडे हे खातं आजीकडे होतं. तिचा उजवा गुडघा. गाव आरवलीजवळ, संगमेश्वर तालुक्यातलं, आणि मे महिन्यात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, एका बाजूला आमसुलं, एका बाजूला फणसाचे पापड, मध्ये सांडगे, आणि कावळे हाकलायला आम्ही पोरं. आजी ओटीवर पाय लांब करून बसलेली. मधूनच ती गुडघ्यावर तळवा ठेवायची, ताप आलाय का बघतात तसा, दोन मिनिटं गप्प, मग "अगो, आमसुलं आत घ्या गो!" की आम्ही धावत सुटायचो. आमसुलांचा लाल रस कोपरापर्यंत ओघळायचा, फ्रॉकांचं मातेरं. सगळं आत येऊन पडवी भरली की आकाश पुन्हा निळंशार. कोणी हसलं तर आजी ठसक्यात सांगायची, "पलीकडे डोंगरावर पडला तो." तिचा गुडघा चुकायचा नाही, पाऊसच पत्ता चुकायचा.

त्या गुडघ्यावर झालेले उपाय मोजायचे तर रात्र पुरणार नाही. निगडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा, त्याला जो वास यायचा तो अजून कुठे आला की मला ओटीवरचा अंधार आठवतो. रुईच्या पानाला तेल लावून शेकायचं. आंबेहळद सहाणेवर उगाळायची, हे काम माझ्याकडे, आणि मी जोर लावत नाही म्हणून बोलणी. थंडीत विटेचा तुकडा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळायचा. सुंठीच्या काढ्यात एरंडेल, ते मात्र ती नाक दाबून प्यायची आणि नंतर अर्धा तास आजोबांवर चिडलेली असायची, जसं काही ते त्यांनीच काढलंय. आणि काळं आयोडेक्स, बुटक्या बाटलीतलं, ते मुंबईहून कोणी येणारं असलं की मागवायचं, पण ते औषध नव्हे, ती चैन.

एकदा तिने कोणाचं तरी ऐकून बिब्बा लावला. बिब्बा घालणे म्हणजे काय ते आपण बोलताना सहज म्हणतो, पण खरा बिब्बा गुडघ्यावर घातलेला मी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी हे एवढाले फोड, कातडी सोललेली. पंधरा दिवस आजी त्या जखमेने कण्हत होती. बरी झाल्यावर म्हणते कशी, "पण सांधा दुखला नाही हो तेवढ्यात!" ह्याला काय म्हणणार.

वर्षातून एकदा आरवलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचं, एसटीने. कढत पाणी, गंधकाचा तो कुजक्या अंड्याचा वास, आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या दहाबारा बायका, सगळ्यांची लुगडी मांडीपर्यंत खोचलेली, सगळ्या आपापल्या सुनांबद्दल बोलतायत. गंधकाने सांधे सुटतात असं आजी म्हणायची. मला वाटतं तोंडं सुटायची. पण येताना ती एसटीची पायरी दांडा न धरता चढायची हेही मी पाहिलंय, तेव्हा मी काही बोलत नाही.

पथ्य हा वेगळाच विषय. वांगं वातूळ, वाटाणे वातूळ, हरभऱ्याची डाळ वातूळ, पावसाळ्यात तर वात वाढायचाच म्हणून सगळंच वातूळ. फक्त वाल नाहीत. वाल आजीला आवडायचे. वालाची उसळ असली की वात त्या दिवशी सुट्टीवर.

आता माझी पाळी आली तर उपाय सांगणारे दसपट. गुडघा दुखतो म्हणायचा अवकाश, समोरचा माणूस वैद्य होतो. भाजीवालीने पारिजातकाच्या पानांचा काढा सांगितला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रात्री मेथ्या भिजवायला सांगितल्या, रिक्षावाल्याने (रिक्षावाल्याने!) लसूण दुधात उकळायला सांगितली. बहिणीने तर जानुबस्ती करून घेतली. उडदाच्या पिठाचं आळं करून गुडघ्यावर चिकटवतात आणि त्यात कोमट तेल ओततात, मी सोबत गेले होते, मला सारखं वाटत होतं की मोठ्या मेदूवड्याच्या भोकातून गुडघा डोकावतोय. तिला बरं वाटलं म्हणे. हाडांच्या डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं की वजन उतरवा, खाली मांडी घालून बसू नका, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दहा आकडे दाबून धरा, रोज. हा उपाय सगळ्यात स्वस्त आणि चांगला, म्हणून अर्थातच होत नाही. लाडू खायला सांगितले असते तर एक दिवस चुकला नसता.

पाऊस आणि सांधे ह्यांचं खरंच काही आहे का, म्हणून मुलाला विचारलं, तो ह्या बाबतीत हुशार. त्याने दोन गोष्टी शोधून पाठवल्या आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. 1996 साली छापून आलेल्या अभ्यासात ट्वर्स्की आणि रेडलमायर ह्या दोघा संशोधकांनी संधिवाताच्या 18 पेशंटांच्या दुखण्याची पंधरा महिने नोंद ठेवली, हवामानाशी ताडून पाहिली, काही संबंध निघाला नाही. त्यांचं म्हणणं, दुखलं आणि पाऊस आला ते लोकांच्या लक्षात राहतं, दुखलं आणि नाही आला ते विसरतात. मग 2019 साली छापून आलेल्या अभ्यासात इंग्लंडातल्या मँचेस्टर विद्यापीठाने अडीच हजारांवर लोकांकडून मोबाईलवर रोजच्या रोज दुखणं लिहून घेतलं, तर दमट हवा, हवेचा दाब कमी आणि वारा जोरात, अशा दिवशी जास्त दुखतं असं दिसलं, फार नाही, थोडंच. म्हणजे आजी थोडीशी बरोबर. हे तिला सांगितलं असतं तर 'थोडीशी' ह्या शब्दावरून तिने मुलाला दोन दिवस जेवायला वाढलं नसतं.

आणि दमट हवा म्हणाल तर आम्ही डोंबिवलीत राहतो. कोरडी हवा आम्हाला फ्रीज उघडल्यावर लागते तेवढीच.

तरी मी गेल्या वर्षी प्रयोग केला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुडघा दुखला की लाल गोल, पाऊस पडला की निळी टिक. जुलै महिनाभर सगळ्या चौकटींत निळी टिक, त्यामुळे माझा गुडघा शंभर टक्के पास. जुलैत पाऊस सांगायला गुडघा कशाला लागतो हे तेव्हा सुचलं नाही. वर महिनाअखेरीला ह्यांनी ते अकरा लाल गोल दुधाचे खाडे समजून तेवढे पैसे कापले. दूधवाला दारात उभा राहून शपथा घेतोय की मी रोज आलोय, हे त्याला कॅलेंडर दाखवतायत, आणि मी आत ओट्याशी, बाहेर जाऊन काय सांगू, की ते माझं दुखणं आहे? शेवटी सांगितलं. दूधवाल्याने मोहरीच्या तेलात ओवा कडवून चोळायला सांगितला.

आजोबा गेल्यावर बाबांनी आजीला इकडेच आणलं, आमच्या जुन्या दोन खोल्यांत. तिथे ना निगडी ना कुंड. पण गुडघा चालू. फक्त इथल्या पावसाचं तो काही सांगायचा नाही, बाहेर बदाबदा कोसळत असला तरी. एखाद्या दुपारी एकदम तळवा ठेवायची आणि म्हणायची, "तिकडे लागला हो मोठा." तिकडे म्हणजे गावाला. आठदहा दिवसांनी चुलतकाकांचं कार्ड यायचं, गेल्या मंगळवारी पाऊस फार झाला, वहाळ भरला, साकव बुडाला, आणि आजी ते मला दोनदा वाचायला लावायची, वार मोठ्याने. शेवटच्या वर्षी काका मुलाकडे बडोद्याला गेले, घराला कुलूप, कार्ड बंद. तरी ती म्हणायची, तिकडे लागला, आणि बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, "हो गं आई, लागला असेल."

हे लिहून होईपर्यंत पाच वाजले. मघापासून वारा सुटलाय, खिडकीची झडप आपटतेय, आणि आत्ता पत्र्यावर थेंब वाजले, मोठे मोठे. हे म्हणतायत, अगं खरंच आला, कपडे! तीन जिने आहेत वर, लिफ्ट नाही. गोधडी तशीही पुन्हा धुवायचीच होती.