किल्लो कित्याक हलता?

गेल्या रविवारी मुंबईहून पाव्हणे आलेले, त्यांना घेऊन मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्गला गेलो, आणि जाताना मी होडीतूनच मोबाईलवर शूट करत बसलो, पोरांची दंगल, लाइफ जॅकेट, समोर किल्ला, पण लाटा अशा की घरी येऊन फुटेज बघताना मलाच मळमळायला लागलं. म्हटलं टेन्शन नाय, स्टॅबिलायझर मारू, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं हलणं काढायचं टूल. मारला, टीव्हीवर लावला, तर आई म्हणते, "किल्लो कित्याक हलता रे?"

खरंच हलत होता! होडी एकदम स्थिर आणि 1667 पासून उभा असलेला किल्ला मागे वरखाली.

चूक सॉफ्टवेअरची नाय म्हणा. ते काय करतं, फ्रेममधले कॉन्ट्रास्टवाले ठिपके पकडतं, पुढच्या फ्रेममध्ये तेच ठिपके शोधतं, आणि बहुतेक ठिपके जिकडे सरकले त्यावरून कॅमेरा किती हलला ते काढून फ्रेम उलटी सरकवतं. माझी अर्धी फ्रेम होडी नि पाव्हण्यांनी भरलेली, खाली चमचमणारं पाणी. बहुमत त्यांचं, किल्ल्याला मतं चार.

मग ऑटो सोडून हाताने ट्रॅकर लावायला घेतले, म्हणजे कुठल्या ठिपक्यावर नजर ठेवायची ते आपणच सांगायचं. पहिला तटाच्या वरच्या कडेवर ठेवला आणि तो गेला की घसरत, कारण सरळ रेषेवरचा प्रत्येक तुकडा सारखाच दिसतो, वरखाली कळतं पण डावं-उजवं कळत नाय. कोपरा लागतो कोपरा! माडाच्या शेंड्यावर पण ठेवून बघितला (वारा, अजून काय). शेवटी बुरुजाचा कोपरा एक आणि तटाचं दुसरं टोक एक. दोन अशासाठी की होडी कलंडते पण, आणि एका पॉइंटवरून फिरणं कळत नाय. मधे एका पोराचं डोकं आडवं आलं तेव्हा ट्रॅकर त्याच्या टोपीवर जाऊन बसला, तिथे वीसेक फ्रेम हाताने सरकवल्या.

अजून एक गंमत झाली, स्केलची टिक (म्हणजे फ्रेम लहान-मोठी करायची परवानगी) चालू राहिली होती, त्यामुळे होडी चाललीय चाललीय पण किल्ला काय जवळ येईना, कारण दोन पॉइंटमधलं अंतर तेवढंच ठेवायचं म्हणून सॉफ्टवेअर फ्रेम बारीक करत गेलं. टिक काढली.

फ्रेम सरकवली की कडा काळ्या दिसतात म्हणून झूम करावं लागतं, पण शूट 4के होतं आणि टाइमलाइन (म्हणजे बनवायचा व्हिडिओ) 1080ची, म्हणजे रुंदी बरोब्बर दुप्पट, क्वालिटी गेली नाय. संध्याकाळच्या परतीच्या क्लिपा मात्र कामातनं गेल्या. उजेड कमी, मोबाईलने शटर स्लो केलेलं, म्हणजे एकेक फ्रेम जास्त वेळ घेऊन टिपलेली, त्यामुळे फ्रेम जागेवर बसली तरी प्रत्येक फ्रेम मुळातच फरफटलेली, आणि तो ब्लर स्टॅबिलायझरने जात नाय.

नवीन व्हिडिओ आईला दाखवला. किल्ला ठाम उभा. ती बघत बसली जरा वेळ आणि म्हणाली, "आता पावणे नाचतत."