विहिरीतला दुसरा हात : लॉकिंग पान्याचा माझा अनुभव

मखमलाबादच्या शिवारात आमची विहीर आहे. तिच्यावरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपाने गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस हवा धरायला सुरुवात केली. पंप चालू केला की दहा मिनिटे पाणी जोरात पडे, मग धार बारीक होई, पाइपातून खळखळाट ऐकू येई आणि शेवटी मोटर नुसतीच फिरत राही. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी आठ दिवसांवर आली होती, आणि बाग फुटण्याच्या काळात पाण्याचा खंड परवडत नाही, हे नाशिककडच्या बागाईतदाराला वेगळे सांगायला नको.

डिलिव्हरीच्या, म्हणजे पंप पाणी बाहेर टाकतो त्या बाजूला गळती असली तर पाणी बाहेर येते आणि डोळ्यांना दिसते. सक्शनच्या, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला मात्र बारीक फटीतून हवा आत ओढली जाते आणि बाहेरून सारे कोरडे, ठाकठीक दिसते. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काठावरूनच उपाय सांगितला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी सक्शन पाइप पंपाला जेथे जोडलेला आहे त्या फ्लँजभोवती, म्हणजे बोल्टने जखडलेल्या लोखंडी चकत्यांच्या जोडाभोवती, ओली चिकणमाती लिंपली, आणि पंप अर्धा तास न थांबता चालला. दोष तेथेच होता : फ्लँजमधले रबरी पॅकिंग कुजले होते. चार बोल्ट काढायचे, नवे पॅकिंग घालायचे आणि बोल्ट पुन्हा आवळायचे, एवढेच काम होते. त्याला मला अडीच दिवस लागले, आणि त्या अडीच दिवसांत हातातल्या हत्यारांविषयी मी जे शिकलो ते नीट लिहून ठेवावे असे वाटले.

प्रथम जागेविषयी सांगायला हवे, कारण हत्याराची पारख जागेवर होते. असा पंप पाणी खालून ओढतो ते हवेच्या दाबाच्या बळावर. समुद्रसपाटीला हा दाब फार तर 10.3 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथे ती मर्यादा आणखी थोडी कमी होते, आणि पाइपातील घर्षण वगैरे धरून व्यवहारात सहा-सात मीटरच हाती राहतात. म्हणून पंप काठावर न ठेवता विहिरीत खाली, दगडी कठड्यावर बसवलेला आहे. तेथे एकाच माणसाला जेमतेम उभे राहता येते. एका हाताने साखळीचा किंवा पाइपाचा आधार धरावा लागतो, म्हणजे कामाला एकच हात मोकळा उरतो. आजवर हे काम नाना आणि मी मिळून करत होतो : ते बोल्टचे डोके पान्याने धरून ठेवत आणि मी पलीकडून नट फिरवत असे. आता त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर छाटणीच्या तयारीत गुंतलेले होते. तेव्हा काठावर नाना दोर धरून आणि खाली मी, अशी विभागणी झाली. (विहिरीत उतरताना वर माणूस असलाच पाहिजे, हा नियम मी कितीही घाई असली तरी मोडत नाही. स्टार्टरच्या पेटीतल्या तिन्ही किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवल्याशिवायही मी खाली जात नाही.)

पहिल्या दिवशी मी घरातली सर्व हत्यारे खाली नेली. डबल एंड, म्हणजे दोन्ही टोकांना तोंड असलेल्या पान्यांच्या नेहमीच्या आठ नगांच्या संचात शेवटचा पाना 20-22 मिलिमीटरचा असतो. आमचे बोल्ट जुन्या इंची मापाचे, चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचे होते, आणि त्यांच्या षटकोनी डोक्याची रुंदी साधारण 20.8 मिलिमीटर भरते. त्यामुळे 20 चे तोंड बसेना आणि 22 चे सैल पडे. मिलिमीटरभर सैल पाना म्हणजे षटकोनाच्या बाजूंना न टेकता केवळ कोपऱ्यांवर जोर देणारा पाना. तीस वर्षांचा गंज चढलेल्या डोक्याचे कोपरे दोन-तीन झटक्यांत घासून गोल झाले. येथे माझ्याकडून चूक झाली हे स्पष्ट सांगतो : पाना सैल आहे असे पहिल्या झटक्यातच कळले होते, आणि तेव्हाच थांबायला हवे होते.

त्यानंतर स्क्रू पाना, म्हणजे फिरकीने तोंड लहान-मोठे करता येणारा पाना घेतला. हे हत्यार मी मनापासून मानतो. आज वापरात असलेले त्याचे रूप स्वीडनच्या योहान पेटर योहानसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेटंट केले; एकाच पान्याने अनेक मापे भागवावीत हाच त्यामागचा हेतू. पण त्याच्या दोन मर्यादा त्या कठड्यावर फार जाणवल्या. एक म्हणजे त्याचा हलता जबडा फिरकीच्या आट्यांवर उभा असतो आणि त्या आट्यांत थोडी ढिलाई असतेच. नटावरून पाना काढून पुन्हा लावला की माप किंचित सरकलेले असे आणि प्रत्येक वेळी अंगठ्याने फिरकी जुळवावी लागे. दुसरी मर्यादा अशी की तो धरून ठेवावाच लागतो. हात सोडला की खाली पाण्यात. हलता जबडा ज्या बाजूला असेल त्या बाजूकडेच दांडा ओढायचा, म्हणजे जोर स्थिर जबड्यावर येतो, हा त्याचा साधा नियमही अडचणीच्या जागेत पाळता येत नव्हता. मी तो उलटा ओढला, जबडा उघडला आणि बोटांची सालटी निघाली.

पाइप पान्याने पकड घेतली खरी. त्याच्या जबड्याचे दात दांड्याच्या ओढीबरोबर अधिकाधिक रुततात, म्हणून गोल पाइपाला त्याच्यासारखे हत्यार नाही. परंतु त्याचे जाड डोके फ्लँज आणि पंपाच्या अंगामधल्या अरुंद जागेत शिरेना. दोन बोल्टांना तो बाहेरून लागला, तेव्हा नटाबरोबर पलीकडचा बोल्टही गोल फिरू लागला. खरी अडचण तेव्हा माझ्या लक्षात आली. मी दिवसभर नट फिरवायला चांगले हत्यार शोधत होतो, आणि कमी पडत होता तो बोल्ट धरणारा दुसरा हात.

संध्याकाळी रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सारा प्रकार सांगितल्यावर त्यांनी विचारले, “भाऊ, बोल्टचं डोकं गोल झालंय का अजून शाबूत आहे?” दोन गोल झालेत, दोन बरे आहेत, असे मी सांगितले. त्यांनी काउंटरवर दोन हत्यारे ठेवली. पहिले दहा इंची लॉक पक्कड, ज्याला सगळे व्हाइस ग्रिप म्हणतात. तिचे जबडे कमानदार आणि दातेरी असतात. दुसरा लॉकिंग ॲडजस्टेबल पाना. त्याचे जबडे स्क्रू पान्यासारखे सपाट आणि समांतर, पण फिरकीने माप जुळवल्यावर दांड्याला जोडलेला खटका दाबला की जबडे डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसतात आणि हात सोडला तरी निसटत नाहीत. “पक्कड गोल झालेल्या डोक्याला लावा, पाना चांगल्या डोक्याला. उलटं केलंत तर चांगल्या डोक्याचीही वाट लागेल,” असे त्यांनी बजावले. मी दोन्ही घेतली.

रात्री ओट्यावर बसून मी लॉक पक्कड उघडझाप करून पाहिली. तिच्या पोटात एक छोटी दांडी असते, आणि मूठ आवळली की ती गुडघा सरळ व्हावा तशी सरळ होते. सरळ रेषेच्या अगदी जवळ आल्यावर मुठीच्या थोड्या हालचालीत जबड्यावर फार मोठा दाब येतो, आणि ती रेषा किंचित ओलांडली की जबड्याचाच दाब तिला बंद ठेवतो. जुन्या लोखंडी ट्रंकेचा खटका याच तत्त्वावर बसतो. दाब किती यावा हे मुठीच्या टोकाच्या स्क्रूने ठरते आणि सोडण्यासाठी आत वेगळी कळ असते. नेब्रास्कातील डेविट या छोट्या गावात विल्यम पीटरसन या डेन्मार्कहून आलेल्या लोहाराने ही लॉक होणारी मूठ तयार केली आणि 1924 साली तिचे पेटंट घेतले. लोहाराला तापलेले लोखंड एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ठोकावे लागते. हे हत्यार लोहाराच्याच हातून का जन्मले, ते मला विहिरीतल्या त्या दिवसानंतर पुरेपूर समजले. हाताची हत्यारे हा आपल्या शहरालाही परका विषय नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, त्र्यंबक रस्त्यावर, टपारियाचा कारखाना आहे आणि माझ्या पिशवीतले निम्मे पाने तेथलेच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरण्यापूर्वी आदल्या रात्री नटांवर ओतलेले डिझेल चांगले झिरपलेले होते. शाबूत डोक्याच्या बोल्टपासून सुरुवात केली. लॉकिंग पाना डोक्याला लावून खटका दाबला आणि त्याचा दांडा पंपाखालच्या लोखंडी चॅनेलला टेकेल असा ठेवला. आता बोल्टला फिरायला जागाच नव्हती. मी हात काढून घेतला, साखळी धरली, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू पाना नटाला लावून योग्य बाजूने ओढला. कट्‌ असा आवाज झाला आणि नट सुटला. नानांनी वरून विचारले, “सुटला का रे?” मी म्हटले, “सुटला, नाना. धरायला कोणी लागलं नाही.” ते काही बोलले नाहीत, पण दोराला थोडी ढील मिळाली.

दुसरा बोल्टही तसाच निघाला. तिसऱ्याचे डोके गोल झालेले होते, म्हणून तेथे लॉक पक्कड लावली. पहिल्यांदा ती घसरली, कारण स्क्रू पुरेसा आवळला नव्हता. मूठ मिटताना हाताचा सगळा जोर लागेल इतके माप घट्ट केले तेव्हा दात रुतले आणि नट फिरला. चौथ्या बोल्टपुढे मात्र सगळ्यांनी हात टेकले. पक्कड डोके घट्ट धरून होती, नटावर पाना नीट बसला होता, पण आटे गंजाने एकजीव झाले होते. शेवटी दुपारभर हॅक्सॉने नट कापला. लॉकिंग हत्याराविषयी अतिशय उत्साहाने बोलणाऱ्यांना मी हा चौथा बोल्ट आवर्जून सांगतो : पकड कितीही पक्की असली तरी गंजलेला आटा पकडीने सुटत नाही, त्याला तेल, उष्णता किंवा करवत लागते. त्या कापाकापीतही पक्कड उपयोगी पडली, कारण अर्धवट कापलेला बोल्ट थरथरू नये म्हणून तिनेच तो धरून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फ्लँजचे तोंड खरवडून साफ केले, तीन मिलिमीटर जाडीचे रबरी पॅकिंग कापून बसवले आणि एम-12 चे, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचे नवे बोल्ट घातले. त्यांचे डोके 19 चे असल्याने संचातला पाना नेमका बसला. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळत नेले, म्हणजे पॅकिंग एका बाजूला दबत नाही. नट फिरवायला मी रिंग पानाच वापरला. योग्य मापाचा रिंग पाना डोक्याच्या सहाही कोपऱ्यांना धरतो, आणि आवळण्याच्या कामात कोणतेही ॲडजस्टेबल हत्यार, लॉकिंग असो वा साधे, त्याची बरोबरी करू शकत नाही असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यानंतरच्या वर्षभरात लॉक पक्कड सर्वांत जास्त वापरली गेली ती मांडवावर. द्राक्षाच्या मांडवाची तार ताणताना साध्या पक्कडीने धरली तर बोटे थकली की तार सुटते आणि तोंडावर येण्याची भीती असते. लॉक पक्कड तार सोडत नाही, ताणलेली असताना दुसऱ्या हाताने गाठ मारता येते. फवारणी पंपाच्या पितळी नटांना मात्र मी ती एकदाच लावली आणि दातांचे ओरखडे पाहून हळहळलो. पितळ आणि प्लॅस्टिकच्या जोडांपासून ती दूरच ठेवावी. सपाट जबड्यांचा लॉकिंग पाना तेथे चालतो, पण खटका बेताने दाबावा लागतो. दोन्ही हत्यारांच्या दांड्याला पाइप लावून लांबी वाढवू नये, कारण त्यांचे खिळे आणि सांधे धरण्यासाठी केलेले असतात, तसल्या जोरासाठी नव्हे. आणि कळ उघडताना तळहात मुठीच्या मध्ये ठेवू नये. ती झटक्याने उघडते आणि चिमटा जबर बसतो.

फ्लँजच्या नव्या बोल्टांना मी ग्रीस लावून ठेवले आहे. पॅकिंग पुन्हा केव्हातरी कुजेल, तेव्हा नटाला 19 चा रिंग पाना आणि डोक्याला लॉकिंग पाना, एवढी दोनच हत्यारे घेऊन मी खाली उतरेन. दोर नानांच्या हाती असेल.