भिंत टॉपस्पिन परत देत नाही

टेनिसच्या ट्रायलला येणाऱ्या मुलांबद्दल माझा एक ठोकताळा आहे. बाप जितकं कौतुक सांगतो, तितकी मुलगा रॅकेट उलथन्यासारखी धरतो. त्या शनिवारी कोथरूडच्या आमच्या कोर्टवर आलेल्या बारा वर्षांच्या मुलाचे वडील मात्र जवळजवळ माफी मागतच बोलत होते. "सर, कोचिंग काही नाही झालेलं. 2022 ला बालेवाडीत बोपण्णा-रामकुमारनं महाराष्ट्र ओपनची डबल्स जिंकली ना, तेव्हापासून हा सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत बडवतोय." भिंतीवर त्यानं खडूनं जाळं आखलं होतं. मधली उंची टेप लावून बरोबर 91.4 सेंटिमीटर!

मी हातानं बॉल टाकायला सुरुवात केली. फोरहँड देखणा. बॅकस्विंग आटोपशीर, कारण सहा-सात मीटरवरच्या भिंतीवरून बॉल इतक्या लवकर परत येतो की रॅकेट फार मागे न्यायला सवडच नसते. बॅकहँडही तसाच. मी खूश होऊन आमच्या मार्करला, म्हणजे मुलांना सरावासाठी समोरून बॉल मारणाऱ्याला, उभं केलं.

आणि सगळं विस्कटलं. मार्करचा साधा टॉपस्पिनचा, म्हणजे पुढच्या दिशेनं गरगरत येणारा बॉल आपटला की पोराच्या खांद्यावरून जायचा, नाहीतर फ्रेमला लागून शेजारच्या कोर्टात. वडील मोबाइलमध्ये बघायला लागले. मार्कर हळूच म्हणाला, "सर, घाबरलंय पोरगं."

मला तसं वाटेना. कारण मध्येच मार्करनं स्लाइस, म्हणजे उलटा फिरत खाली राहणारा बॉल मारला, की हा शांतपणे खाली वाकून तो परत करायचा. नवशिकी मुलं गडबडतात ती स्लाइसला. इथं उलटंच चाललं होतं.

मग त्याला घेऊन आमच्या प्रॅक्टिस वॉलपाशी गेलो आणि स्वतःच मारून बघितलं. टॉपस्पिनच्या बॉलची पुढची बाजू खालच्या दिशेनं फिरत असते. ती भिंतीला घासते आणि बॉल वर उसळतो. भिंत त्याची दिशा फिरवते, पण त्याचं फिरणं उलटवत नाही, फक्त कमी करते. त्यामुळे तोच बॉल आपल्याकडे येतो तो बॅकस्पिन, म्हणजे स्लाइससारखं उलटं फिरणं घेऊन, टप्पा पडल्यावर जरा अडखळत. म्हणजे इतकी वर्षं हा पोरगा रोज टॉपस्पिन मारत होता आणि त्याला परत मिळत होता तो स्लाइसच. समोरून येणारा टॉपस्पिन त्यानं आयुष्यात पाहिलाच नव्हता. टप्प्यानंतर बॉल कुठं भेटेल याचा त्याचा हिशोब पक्का होता, पण तो दुसऱ्याच बॉलचा.

हे मी त्याला सांगत होतो तोवर वडीलही येऊन उभे राहिले. पोरगा भिंतीकडे बघत थोडा वेळ गप्प होता.

"म्हणजे सर, मी स्लाइस मारला तर भिंतीवरून या मार्कर दादांसारखा बॉल येणार?"

"थोडाफार. दादांइतका उंच नाही उडणार, खालून येईल. पण अंगावर पळत येईल."

"येतो तसा. माहितीये मला," तो म्हणाला. "म्हणून तर मी मारायचोच नाही. रॅली तुटायची."

मार्कर खो खो हसला. मी बॉलची टोपली भिंतीपाशी ओढली आणि त्याला म्हटलं, "आज तोच मार."