तुम्ही विचारलंत म्हणून: कापड तर फुकटच ना?

प्रदर्शनात, फोनवर, नातेवाइकांच्या घरी, एकदा तर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले असताना, लोकांनी मला हा एकच प्रश्न विचारलाय. "जुन्या कपड्यांची पिशवी, आणि ती नव्या पिशवीपेक्षा महाग? कापड तर तुम्हाला फुकटच मिळतं ना?"

हो, फुकटच मिळतं. आणलेलं धुतलेलंही असतं बहुतेक वेळा. पूर्वी हा प्रश्न आला की मी कापसाला लागणाऱ्या पाण्याबद्दल आणि पॉलिएस्टरच्या ढिगांबद्दल बोलायचे. जगात कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कच्च्या मालापैकी एक टक्काही पुन्हा नव्या कपड्यात जात नाही, असं एलन मॅकार्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेने २०१७ च्या अहवालात म्हटलं होतं. तो आकडा मी इतक्यांदा सांगितलाय की समोरच्याच्या चेहऱ्यावर तो कुठे संपतो तेही मला कळायचं. त्यात खोटं काही नव्हतं, पण तुम्ही विचारलं होतं ते हे नव्हे. खरं उत्तर द्यायचं तर मला माझी चूक सांगावी लागते, म्हणून मी ते टाळत आले.

आधी कापडाचं सांगते. नव्या कापडाचा ताका उलगडतात, थरावर थर रचतात आणि यंत्राने एका दमात पन्नास-शंभर थर कापतात. जुन्या कपड्यांत दोन नग सारखे नसतात. एक जीन गुडघ्याला विरलेली, दुसरी मांडीच्या आतून घासलेली, तिसरीत ताणणारा धागा, जो इस्त्रीखाली आकसतो. शिवाय प्रत्येक कपडा आधी उसवावा लागतो. साखळी टाका असेल आणि बरोबर टोक हाती लागलं, तर धान्याच्या पोत्याचं तोंड सुटतं तसा तो सरसर सुटतो. साध्या मशीनच्या शिवणीला तसं सुख नाही, दर तीन-चार टाक्यांवर ब्लेड लावावं लागतं. जीनच्या पायाची शिवण तर दुमडून दुहेरी मारलेली असते, आणि खिशाच्या कोपऱ्यांवरचे दाट टाके काढताना ब्लेड कापडात घुसलं की तो तुकडा गेला.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी ते हिशेबात धरलं नाही.

मी या कामात आले ती राणा प्लाझानंतर. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरची ती इमारत कोसळली आणि ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची दुकानं आणि बँक बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. माल वेळेत जायचा होता. ते वाचल्यावर मी ठरवलं की आपण जे करू त्यात शिवणारीचं नाव माहीत असेल, तिच्या शेजारी आपण बसलेलो असू. आमचा छोटा गट, शिवणकाम करणाऱ्या नऊ बायकांचा गट आणि एक कपड्यांची कंपनी अशी तिघांची भागीदारी जुळली तेव्हा मला वाटलं, हेच ते. कंपनी परत आलेल्या आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या जीन्स देणार, आम्ही काम जुळवणार, बायका शिवणार. सहाशे पिशव्या, आठ आठवडे.

नमुना मी स्वतः केला. घरी, रात्री, एक चांगली जाड जीन निवडून सावकाश उसवली आणि इस्त्री करून ठेवली. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावलं ते शिवायला बसल्यावर. चाळीस मिनिटं लागली. कापायची दहा धरली आणि पन्नास मिनिटांवर नगाचा दर काढला. कंपनीला तो पटला, बायकांनाही पटला, कारण मी सांगितला होता. आदल्या रात्रीचे ते तास माझ्या हिशेबात आलेच नाहीत, कारण मी ते आवडीने घालवले होते. या वाक्यावर मी अनेक वर्षं अडकून पडले आहे.

तिसऱ्या आठवड्यात त्या गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंनी एक पिशवी माझ्यासमोर टेबलावर उपडी केली. आत दोऱ्यांचे गुंते होते. निळे, पिवळे, तपकिरी तुकडे, बोटभर लांबीचे, ओंजळींनी मोजावेत इतके. त्या म्हणाल्या, "ताई, शिवायचे पैसे ठरले. उसवायचे कोण देणार?"

मी तेव्हा काय म्हणाले ते लिहायला आजही जड जातं. मी म्हणाले, "काकू, हे आपलं सगळ्यांचंच काम आहे ना."

कुणी काही बोललं नाही. एकीने मशीनवरचा पाय उचलला होता तो परत ठेवला आणि शिवण चालू झाली. त्या आवाजात मी बराच वेळ उभी होते. 'आपलं सगळ्यांचं' म्हणताना माझ्या मनात काय होतं? मला खरंच तसं वाटत होतं, एवढं मी शपथेवर सांगेन. पण त्या वाक्याने काम काय केलं, तर एका रास्त हिशेबाला स्वार्थाचा रंग दिला. काकूंनी पैसे मागितले आणि मी त्यांना आपुलकी दाखवून गप्प केलं.

पुढच्या आठवड्यात बायकांनीच वहीत वेळ लिहिली. उसवायला पस्तीस मिनिटं. इस्त्री करून कापडाचा कमजोर भाग उजेडात धरून शोधायला पंधरा. एकेक नग बेतून कापायला वीस. शिवायला चाळीस, म्हणजे तिथे माझा अंदाज बरोबर होता. एकूण एकशे दहा, आणि दर पन्नासचा. नगामागे एक तास फुकट. तोवर अडीचशे पिशव्या झाल्या होत्या. म्हणजे अडीचशे तास त्या नऊ जणींनी आम्हाला बिनबोभाट देऊन टाकले होते. देऊन टाकले असंही म्हणता येत नाही. आम्ही घेतले होते.

मी वही घेऊन कंपनीकडे गेले. तिथली माणसं वाईट नव्हती, त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण मंजूर झालेली रक्कम त्या वर्षात वाढणार नव्हती आणि तारीख हलणार नव्हती. त्यांनी सुचवलं की उसवायला विद्यार्थी बोलवा, त्यांना जाणीवही होईल.

आणि मी ते केलं. तीस-पस्तीस मुलं आली, उत्साहाने बसली, फोटो निघाले. चांगली मुलं होती. त्यांनी उसवलेल्या जवळजवळ चौथ्या भागाला ब्लेड लागलं होतं. उरलेलं निवडत बसायचं काम पुन्हा त्याच नऊ जणींवर आलं. त्या दिवशी मला कळलं की एका बाईच्या न दिलेल्या मजुरीची फट मी दुसऱ्याच्या फुकट मेहनतीने बुजवत होते.

यावर मला कुणीतरी नेहमी म्हणतं, मग रिपेअर कॅफेत, म्हणजे लोक मोडक्या-फाटक्या वस्तू आणून दुरुस्त करून घेतात त्या मेळाव्यात, काय होतं? तिथेही सगळे फुकटच राबतात. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला रिपेअर कॅफे भरवला, आज तसे अनेक देशांत भरतात, आणि मला ते मनापासून आवडतात. पण तिथे फाटलेलं जाकीट घेऊन आलेला माणूस दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसतो, स्वतः सुई धरतो, आणि जाकीट अंगात घालून घरी जातो. मध्ये कुणी ते विकत नाही. आमच्या पिशव्यांवर कंपनीचं नाव छापलं जाणार होतं. हा फरक मी सोडायला तयार नाही.

सहाशे पिशव्या आम्ही पूर्ण केल्या आणि भागीदारी संपवली. राहिलेल्या तासांचे पैसे आमच्या गटाने दिले, अर्धे लगेच, अर्धे द्यायला दीड वर्ष लागलं. तोवर त्या काकू काम सोडून गेल्या होत्या. त्यांचे पैसे घरी पोचवले, पण त्या भेटल्या नाहीत.

आता आमच्या करारात उसवण्याची मिनिटं लिहिलेली असतात. निम्मी रक्कम आगाऊ येते, तारीख कुणाही एकाला परस्पर बदलता येत नाही, आणि दर ठरताना शिवणाऱ्यांपैकी दोघी समोर बसतात. म्हणून पिशवी महाग आहे. ही महागाई त्या एका तासाची आहे, जो आधी तुम्हालाही दिसत नव्हता आणि मलाही.

पण तुमचं पुढचं वाक्य मला ठाऊक आहे. अशा किमतीला घेणार कोण? फार थोडे घेतात. नऊपैकी पाच जणी उरल्या, कारण काम तेवढंच आहे. गेलेल्यांतली एक मला म्हणाली, "पैसे कमी होते, पण दर आठवड्याला होते." तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या वेळी भांडून, अजून एक वर्ष रेटून दर वाढवून घेता आला असता का? काही दिवस मला वाटतं, हो. काही दिवस ती वही उघडते आणि वाटतं, अजिबात नाही. फ्रान्समध्ये २०२३ पासून कपडे-बूट दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलातला काही भाग कमी होऊन मिळतो, आणि तो पैसा कपडे विकणाऱ्या कंपन्यांनी भरलेल्या वर्गणीतून येतो. उसवायचे पैसे कुणी द्यायचे, याचं ते निदान एक उत्तर आहे. आमच्यासारख्या पाच मशीनच्या गटाला ते एकट्याने देता येणारं नाही.

सध्या आमचा वाद वेगळ्याच गोष्टीवर चाललाय. एखादी जीन पूर्ण उसवली आणि मग कळलं की कापड आतून गेलेलं आहे, तर त्या पस्तीस मिनिटांचे पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे? मी म्हणते, घेणाऱ्याच्या. दोघी म्हणतात, कपडे निवडून आणणाऱ्याच्या, म्हणजे गटाच्या, म्हणजे माझ्याच. गेल्या बैठकीत यावर दोन तास गेले आणि ठरलं काहीच नाही. ते दोन तास मात्र वहीत लिहिले आहेत.